तक्रार खरी धरायची

करमरकरबाईंना कुणी "लाइट गेली" असं सांगितलं, की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "कोणी पाहिली जाताना?" सांगणारा गोंधळायचा. लाइट ती लाइट, गेली की गेली, तिला निरोप द्यायला कोण उभं राहतं? पण बाईंना तेच हवं असायचं. आधी मंद झाली की एकदम गेली? पंखा रेंगाळत थांबला की गचकन? त्या वेळी घरात कोण काय लावत होतं? निम्मी माणसं वैतागून म्हणायची, जाऊ द्या हो, वायरमनला बोलावतो. उरलेल्यांची लाइट चहा होईपर्यंत परत यायची.

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. एकट्या राहायच्या. लग्न का केलं नाही असं विचारायची माझी टाप नव्हती. सगळा जन्म टेलिफोन खात्यात गेला, तोही टेस्ट डेस्कवर. म्हणजे आपला फोन मुका झाला की आपण शेजाऱ्यांकडून तक्रारीचा नंबर फिरवायचो ना, तिथे पलीकडे बसून लाइन तपासणारी जी माणसं, त्यांच्या या मुख्य. पुढे नवी एक्स्चेंज आली, तक्रार घ्यायला ध्वनिमुद्रित आवाज आला आणि बाईंची निवृत्तीही आली. त्याबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. मशीन तक्रार नोंदवतं, ऐकत नाही, एवढंच म्हणाल्या आणि गवार मोडत बसल्या.

ठेंगणा बांधा, ताठ मान, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पुरुषी कॅनव्हासचे रबरी तळाचे बूट. पेठेत असं ध्यान निघालं की माणसं बघणारच. बाईंना त्याचं काही नव्हतं. नम्रता हा गुण त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता आणि त्यांनी तो कधी मागितलाही नव्हता. "माझ्यासारखा कान आख्ख्या खात्यात कुणाला नव्हता," हे त्या "आज बुधवार आहे" अशा सुरात सांगायच्या. कामाला हात घालण्याआधी घड्याळ, बांगडी, अंगठी काढून एका वाटीत ठेवायच्या. मग खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला काट्याचा जुना मीटर बाहेर निघायचा. काटा हलत असताना कुणी बोललेलं चालत नसे. एकदा आमचे हे चुकून शिंकले, तर बाईंनी काटा शून्यावर आणून सगळं पहिल्यापासून मोजलं आणि यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हे नंतर बाईंना जिन्यात बघून नाकावर रुमाल धरायचे.

माझा त्यांच्याशी खरा परिचय झाला तो आमच्या फ्रिजमुळे. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई, विजेला भिऊन असणारी. फ्रिजचं हँडल धरलं की हाताला झिणझिण्या यायला लागल्या. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियननं फ्रिज बाद ठरवला. नवीन घ्या, आता हप्त्यांवर मिळतात, असंही सांगितलं. तेव्हा सगळंच हप्त्यांवर मिळायला लागलं होतं. बाई आल्या, फ्रिजकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला विचारत बसल्या, झिणझिण्या दिवसभर येतात की सकाळीच? मी आठवून सांगितलं, सकाळीच. शाळेची घाई असते तेव्हा. बाई सरळ वरच्या मजल्यावर गेल्या आणि तिथल्या बिऱ्हाडाचा गीझर बंद करून आल्या. झिणझिण्या थांबल्या. गीझरमधून गळणारी वीज अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायची, तर ती तार खाली रंगकाम करताना कुणीतरी तोडून ठेवली होती. मग ती बिचारी वाट शोधत आमच्या फ्रिजात येऊन बसायची. वीज जाते कशी हे सगळे बघतात, बाई म्हणाल्या, ती परत कशी येते ते बघावं. दोष बहुधा परतीच्या वाटेवर असतो. आणि वर हेही म्हणाल्या, की फ्रिज बदलला असतात तर नव्या फ्रिजच्या झिणझिण्या आल्या असत्या, त्याही हप्त्यांवर.

त्यांचं सगळं शास्त्र एका नियमावर उभं होतं. तक्रार खरी धरायची. तक्रार करणारा चुकीचं सांगेल, अर्धवट सांगेल, पण त्यानं जे पाहिलं ते पाहिलं. आपल्याला पटत नाही म्हणून ते घडलं नाही असं म्हणायचं नाही. या नियमापायी खात्यात त्यांची वरिष्ठांशी भांडणं झाली होती. त्यातलं मांजरी गावचं भांडण त्या फार रंगवून सांगायच्या.

मांजरीला उसाच्या मळ्यात एका शेतकऱ्यानं फोन घेतला होता. त्याची रोज एकच तक्रार, "बाई, सकाळी फोन चालू हाय, दुपारी मरतोय, संध्याकाळी आपल्या आपण जित्ता होतोय." लाइनमन जाऊन यायचा, फोन चालू. वरिष्ठांनी शेरा मारला, तक्रारदाराला सवय लागली आहे. बाईंनी रजा टाकली, बसनं मांजरीला गेल्या आणि मळ्यात घोंगडीवर बसून राहिल्या. दुपार झाली. घरातली म्हातारी धुतलेली गोधडी घेऊन बाहेर आली आणि तिनं ती घरावरून जाणाऱ्या फोनच्या तारेवर टाकली. ओल्या गोधडीनं तार ओढली गेली, खांबावरचा सांधा सुटला, फोन गेला. गोधडी वाळली, हलकी झाली, सांधा परत टेकला, फोन आला. हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते मी देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर येणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरसुद्धा क्वचित पाहिलं आहे.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तर त्यांची दहशतच होती. नव्या मीटरला बीप वाजते, तार जुळलेली असली की आवाज येतो, बघायचीही गरज नाही, असं एका पोरसवदा दुकानदारानं कौतुकानं सांगितलं. बाई म्हणाल्या, "केसाएवढी तार शिल्लक असली तरी वाजेल हे. केसाला बादली टांगून बघा, मग वाजवा." आणि मीटर परत केला. मी सोबत होते. मला त्यातलं काही कळलं नाही, पण दुकानदाराचा चेहरा पाहून बरं वाटलं.

तर या बाईंना मी खळदकरांकडे नेलं, आणि तिथे जे पाहिलं ते आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे.

खळदकर वकील म्हणजे माझ्या मैत्रिणीचे यजमान. मैत्रीण सुनंदा माझ्याच शाळेत गणित शिकवायची. डेक्कनकडे त्यांचा छोटा बंगला, आणि बंगल्याच्या शेडमध्ये वकिलांचा जीव की प्राण: हिरव्या रंगाची, दोन माणसांची, टप नसलेली जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून तरुणपणी घेतलेली. वकिलांनी ती स्वतःच्या हातांनी सोलून, घासून, रंगवून नवी केली होती. खालच्या लोखंडी सांगाड्यालासुद्धा असा रंग दिला होता की त्यात तोंड दिसावं. या गाडीपायी त्या घरात बाप-लेकाचं बोलणं बंद झालं होतं.

झालं होतं ते असं. मुलगा निखिल इंजिनियर झाला, बंगलोरला सॉफ्टवेअर कंपनीत लागला. सुटीत आला असताना वडिलांनी कधी नव्हे ती गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. तो आईला घेऊन दिवेघाटात गेला. परत येताना, तिन्हीसांजेला, एका वळणावर सगळे दिवे गेले. गाडी कठड्याला घासत जाऊन आदळली. निखिलला काही झालं नाही, सुनंदाचं मनगट मोडलं, गाडीची एक बाजू चेपली. निखिल एकच सांगत राहिला, दिवे गेले, इंजिन चालू होतं आणि सगळे दिवे गेले. वकिलांनी गाडी चार गॅरेजवाल्यांना दाखवली. सगळ्यांनी मीटर लावले, बीप वाजली, दिवे झकास लागत होते. सगळ्यांचं मत एक: विजेचं कनेक्शन गेलं तर इंजिनही बंद पडेल, इंजिन चालू राहून फक्त दिवे जाणार नाहीत. एकानं तर बॅटरीच उलटी जोडली आहे असा शोध लावला. झालं. वकिलांनी लेकाची अशी उलटतपासणी घेतली, की गाडी किती वेगात होती, कुणाला दाखवायला पळवत होतास, खोटं बोलायला कधीपासून शिकलास. सुनंदा साक्ष काय देणार? तिला घाटाची भीती, ती वळणावर डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती. निखिल त्याच दिवशी बॅग उचलून निघून गेला. त्याला बरेच महिने लोटले होते. तो फोन करायचा, बाबांनी उचलला तर ठेवून द्यायचा. आणि आता त्याचं अमेरिकेला जायचं ठरलं होतं. तिथे गेला की कधी येईल ते येईल. सुनंदा स्टाफरूममध्ये माझ्यापाशी रडली. म्हणाली, मनगट जुळलं गं, हे काही जुळत नाही.

बाईंनी आयुष्यात मोटार काय, सायकलही चालवली नव्हती. मी भीतभीतच विचारलं. त्यांनी फक्त विचारलं, "मुलगा काय म्हणतो?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, चला.

वकिलांनी आमचं स्वागत कोरडंच केलं. बाईंच्या बुटांकडे पाहिलं. गाडी दाखवता दाखवता तिचा इतिहास सुरू केला. बाईंनी तो मधेच तोडला.

"तक्रार कोणाची आहे?"

"गाडी माझी आहे," वकील म्हणाले.

"दिवे गेले तेव्हा तुम्ही गाडीत होतात?"

"नाही."

"मग तुमची तक्रार नाही. ज्याची आहे त्याचा नंबर द्या."

वकिलांना असं कोर्टातसुद्धा कुणी बोललं नसेल. सुनंदानं घाईघाईनं दिवाणखान्यातून बंगलोरला फोन लावून दिला. वकील दारात उभे, हाताची घडी घातलेली. बाईंनी निखिलला नाव सांगितलं आणि विचारायला लागल्या. आवाज इतका साधा, की जणू नेहमीचा एखादा ग्राहक. दिवे फडफडले की एकदम गेले? हॉर्न वाजवून पाहिलास का? ब्रेक दाबल्यावर काही दिसलं? प्रत्येक उत्तर त्या मोठ्यानं परत म्हणायच्या, म्हणून आम्हांला कळत होतं. वळणावर दणका बसला आणि गेले. हॉर्न वाजला नाही, नुसता टकटकला. ब्रेक दाबला तेव्हा पुढचे इंडिकेटरचे छोटे दिवे मिणमिणले. ही शेवटची गोष्ट निखिल आधी सांगायला तयार नव्हता. कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणाला. बाई म्हणाल्या, "माझा बसला आहे. पुढे सांग."  बाई रिसीव्हर कानाला लावून थांबून राहिल्या.

फोन ठेवून त्या शेडमध्ये आल्या, घड्याळ, बांगडी, अंगठी वाटीत काढली. बॅटरीकडे बघून त्यांना हसूच आलं. ती उलटी वगैरे काही नव्हती. जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक लोखंडाला जोडायची रीत. "आमच्या एक्स्चेंजमध्ये असंच असायचं," त्या म्हणाल्या. परक्या गावात सासरचं कुणी न भेटता एकदम माहेरचं माणूस भेटावं, तशा त्या खुलल्या. मग मला समजावून सांगितलं. दिव्यांना जाणारी वीज तारेनं जाते, पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. पत्र्याची बॉडी बसली आहे रबरी गाद्यांवर, खालच्या सांगाड्याला जाड रंग. तेव्हा पत्र्यातून सांगाड्यात, म्हणजे बॅटरीकडे, परतायला कुठेतरी एकच पट्टी असणार. इंजिनाला त्याची स्वतःची वेगळी पट्टी आहे. म्हणून दिवे गेले तरी इंजिन चालू, आणि ब्रेकच्या दिव्याची वीज परतीची वाट शोधत भलत्याच दिव्यांत शिरते. इतकं सरळ होतं ते. म्हणजे बाईंनी सांगितल्यावर सरळ होतं.

वकील म्हणाले, ती पट्टी चारही गॅरेजवाल्यांनी तपासली आहे.

 बाईंनी इंजिन चालू करायला लावलं, दिवे लावले, वायपर लावला, होतं नव्हतं ते सगळं लावलं. मीटरचं एक टोक पत्र्याला, एक बॅटरीला. काटा जिथे निजून राहायला हवा होता तिथून थोडा उठला. वायपर फिरला की आणखी उठायचा. बाईंनी एकटक पाहिलं आणि आम्हां दोघींना हुकूम सोडला, "गाडीत बसा आणि उड्या मारा." सुनंदा आणि मी, दोन पोक्त शिक्षिका, त्या इवल्याशा गाडीत बसून उड्या मारू लागलो. वकिलांना ते बघवेना. आणि एकाएकी काटा उसळला, वायपर अर्ध्यात थांबला, समोरच्या भिंतीवरचा उजेड नाहीसा झाला. इंजिन आपलं चालूच होतं.

"वकीलसाहेब, ब्रेक दाबा," बाई म्हणाल्या.

वकिलांनी हात आत घालून पेडल दाबलं. पुढचे इंडिकेटरचे छोटे दिवे मिणमिणले.

 माझ्या अंगावर काटा आला तो आजही लिहिताना येतो. बंगलोरला बसलेल्या पोरानं सांगितलेली गोष्ट, कुणाला न पटलेली, आमच्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी होती.

बॉनेटच्या आत, इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या आडव्या पत्र्याच्या कोपऱ्यात, जुन्या काळ्या टेपनं गुंडाळलेली ती विणलेल्या तारांची पट्टी होती. वरून जाडजूड. बाईंनी टेप सोडवली तशी आतून हिरवी भुकटी सांडली. शेकडो तारांमधल्या मोजक्याच शाबूत होत्या. बीप वाजायला तेवढ्या पुरत होत्या, दिव्यांचा भार पेलायला नाही. पट्टीच्या बोल्टवर लाल-पिवळ्या थरांचं कवच चढलं होतं. बाईंनी ते नखानं खरवडून हुंगलं आणि हे काय म्हणून विचारलं.

वकिलांचा आवाज खाली आला. दसऱ्याची पूजा, ते म्हणाले. गाडी देताना त्या पारशी गृहस्थांनी बोल्टवर बोट ठेवून सांगितलं होतं, गाडीतलं सगळं इथे येऊन मिळतं. वकिलांनी ते मनात धरलं. दर दसऱ्याला बॉनेट उघडून ते तिथेच हळदकुंकू वाहायचे आणि नारळाचं पाणी घालायचे. गाडी घेतल्यापासून, एक दसरा न चुकवता. ते पाणी टेपच्या आत झिरपत होतं आणि तांबं खात होतं.

मला वाटलं आता बाईंची जीभ सुटणार. शिंकेवरून माणसाला आयुष्यभर रुमाल धरायला लावणारी बाई ही. आणि समोर सावज केवढं! पण बाई नुसत्या नखातली हळद काढत राहिल्या. वकील मात्र वकीलच. त्यांनी घसा खाकरून विचारलं, पट्टी अपघातात तुटली नसेल कशावरून? म्हणजे अपघात आधी आणि दिवे नंतर.

बाईंनी पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. "ताजी तुटलेली तार लाल चकचकीत असते. ही टोकं बघा, आतपर्यंत हिरवी आहेत. ही वर्षानुवर्षं कुजत होती." मग हात पुसत म्हणाल्या, "मुलगा खरं सांगत होता, वकीलसाहेब. शब्द न् शब्द खरं."

एवढंच. आवाजात ना टोमणा, ना जिंकल्याचा आनंद. वकील पट्टी हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, तुम्हीच सांगता का त्याला? बाई नाही म्हणाल्या. त्याला ते ठाऊकच आहे, त्याला माझ्याकडून काय कळायचं, असं म्हणून त्या नवी पट्टी कापायला बसल्या. वकील आत गेले. खिडकी उघडी होती. निखिल, फोन ठेवू नकोस, असं त्यांनी तीनतीनदा म्हटलेलं आम्ही ऐकलं. पुढचं ऐकू नये म्हणून सुनंदानं खिडकी लोटून घेतली आणि भिंतीला टेकून पदर तोंडाला लावला. बाई लोखंड घासत होत्या. इतका सुरेख रंग त्यांनी खरवडून काढला आणि तिथे उघडं चकचकीत लोखंड झाल्यावरच पट्टी आवळली. बाहेर आल्यावर वकिलांनी, आता पूजा कुठे करायची, असं शाळकरी मुलासारखं विचारलं. बॉनेटवर करा, बाई म्हणाल्या, आणि नारळाचं पाणी तुम्ही प्या.

नंतर बाई फार दिवस पुण्यात राहिल्या नाहीत. भाऊ आजारी पडला म्हणून सांगलीला गेल्या आणि तिकडेच वारल्या. मला बातमीही उशिरा कळली. मला बाईंशी खूप काही बोलायचं राहून गेलं याचं दुःख आहे. पण त्यांची आठवण काढली की मला दिसतं ते अमेरिकेला जाण्याआधी निखिल घरी आला आणि सुनंदानं आम्हां दोघींना बोलावलं त्या संध्याकाळचं.

त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला. त्यांना ते आवडलं नाही, आधी पट्टीला हात लावून बघ गरम होते का, म्हणाल्या. दिवेलागणीला वकिलांनी किल्ली आणली आणि मुलाच्या हातात दिली. स्वतः डावीकडे जाऊन बसले. सुनंदानं विचारलं, कुठे निघालात? दिवेघाट, वकील म्हणाले. सुनंदाच्या तोंडचं पाणी पळालं. निखिलनं चालू केलेलं इंजिन तसंच ठेवून वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, परत दिवे गेले तर?"

"तर सांग मला," वकील म्हणाले. "मी ऐकेन."

गाडी फाटकातून बाहेर पडली. बाई तिच्या मागोमाग चालत थेट रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यानं, मग एक स्कूटरवाला आजी मरायचं आहे का म्हणून ओरडला. सदाशिव पेठेतली बाई, एरवी त्याला जन्माची अद्दल घडवली असती. त्या हलल्या नाहीत. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. वळणापाशी निखिलनं ब्रेक दाबला, मागचे दोन्ही दिवे लालभडक पेटले, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर बाईंनी रिक्षावाल्याला हातानं खूण केली, जा आता.